प्रश्न आपले, अर्ज कुणाचा?

आपल्या वस्तीत कागद-पेन घेऊन माणसे येतात. घरात माणसे किती, कमावती किती, रेशनकार्ड कोणत्या रंगाचे, पोरगी कितवीपर्यंत शिकली, देणे किती, असे सारे विचारतात. हल्ली कागदाच्या जागी मोबाईल असतो, एवढाच फरक. आपल्या आयाबाया हातचे काम बाजूला ठेवून उत्तरे देतात. ओट्यावर बसायला सतरंजी टाकतात, चहा करतात. माणसे निघून जातात आणि ती उत्तरे कोणत्या गावी गेली, त्यांचे पुढे काय झाले, हे वस्तीला कधीच कळत नाही.

ही माणसे नेहमी सरकारी खात्याचीच असतात असे नाही. पुष्कळदा ती एखाद्या विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या प्राध्यापकाने पाठविलेली असतात. त्या प्राध्यापकाला एखाद्या संस्थेने काही लाख रुपये मंजूर केलेले असतात. त्या पैशाला संशोधन अनुदान म्हणतात. त्यातून माणसे फिरतात, कागद भरले जातात, आकडे मांडले जातात, अहवाल तयार होतो. तो अहवाल कधी कपाटात पडून राहतो, तर कधी मंत्रालयात किंवा दिल्लीला पोहोचतो आणि त्यावरून योजना आखली जाते.

आमचे म्हणणे एवढेच की, हा विषय प्राध्यापकांपुरता नाही. कोणत्या प्रश्नाला पैसा मिळाला, त्यावर कोणता प्रश्न मोजला जाणार हे ठरते. आणि जो प्रश्न मोजलाच गेला नाही, तो सरकारदरबारी नसल्यासारखाच असतो. आपण मोजले जातो खरे, पण काय मोजायचे हे ठरविणाऱ्या टेबलाशी आपली माणसे किती आहेत? याचा विचार आता आष्टीसारख्या तालुक्यातल्या कष्टकरी घरांनीही केला पाहिजे.

अनुदान म्हणजे नेमके काय?

आपल्या घरांत शिष्यवृत्ती हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. पोराला कॉलेजात शिकताना मिळते ती शिष्यवृत्ती. पुढे एम.ए. करून पीएच.डी. करू लागला की मिळते ती अधिछात्रवृत्ती, म्हणजे फेलोशिप. या दोन्ही रकमा शिकणाऱ्याच्या पोटापाण्यासाठी असतात. संशोधन प्रकल्पाचे अनुदान याहून वेगळे. ते बहुधा नोकरीत असलेल्या प्राध्यापकाला एका ठरावीक प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी मिळते. ते त्याचा पगार नव्हे. त्यातून संशोधन सहायकाचे मानधन, गावोगाव फिरण्याचा खर्च, पुस्तके, छपाई, आकडेमोड असा खर्च करायचा असतो आणि पैशापैशाचा हिशेब द्यायचा असतो.

सामाजिक शास्त्रे म्हणजे अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, लोकप्रशासन आणि त्यांचे भाऊबंद. सार्वजनिक धोरण म्हणजे सरकार जे ठरवते ते: रेशनवर धान्य किती, शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा किती, घरकुलाच्या यादीत कोण, रोजगार हमीची मजुरी किती. या विषयांवरच्या अभ्यासाला पैसा देणारी देशातली मुख्य संस्था म्हणजे दिल्लीची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. ती १९६९ साली स्थापन झाली. तिच्या उभारणीत सदस्य-सचिव म्हणून आपल्या महाराष्ट्राचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा मोठा वाटा होता. तिचे पश्चिम विभागाचे केंद्र मुंबई विद्यापीठात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही वेळोवेळी प्राध्यापकांना लहान-मोठ्या प्रकल्पांसाठी पैसा दिलेला आहे.

एक ताजे उदाहरण घ्या. २०१८ साली केंद्र सरकारने सामाजिक शास्त्रांतील धोरणविषयक संशोधनासाठी 'इम्प्रेस' नावाची योजना आणली. ४१४ कोटी रुपये, १५०० संशोधन प्रकल्प आणि मुदत मार्च २०२१ पर्यंत, असा तिचा आराखडा होता. राबविण्याचे काम वर सांगितलेल्या परिषदेकडे होते. राज्यव्यवस्था व लोकशाही, शहरांचा बदल, रोजगार, शेती व ग्रामविकास, आरोग्य व पर्यावरण, शिक्षण अशी अकरा क्षेत्रे ठरविली होती. या अकरा मथळ्यांत जात असा स्वतंत्र मथळा नव्हता. म्हणजे जातीवर अभ्यास करायला बंदी होती, असे नाही. शेती, रोजगार, शिक्षण या प्रत्येक मथळ्याखाली जातीचा प्रश्न मांडता येत होता. पण तो मांडणारा अर्जदार हवा! मथळा वरून येतो, प्रश्न मात्र अर्ज करणारा घालतो. सगळी मेख इथे आहे.

बाबासाहेब हे धोरणाचे संशोधक होते

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा घटनेची प्रत हातात घेतलेला फोटो आपल्या घराघरांत आहे. पण त्या हाताने घटनेआधी तीस वर्षे सरकारी जमाखर्च, चलन आणि शेतीचे तुकडे या रुक्ष विषयांवर संशोधन केले होते, हे मुलांना सांगितले पाहिजे.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या पैशाच्या बळावर झालेल्या अभ्यासातून पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ उभा राहिला. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात महसुलाची वाटणी कशी होत गेली, याचा तो इतिहास आहे. १९२५ साली तो प्रसिद्ध झाला आणि बाबासाहेबांनी तो सयाजीरावांनाच कृतज्ञतेने अर्पण केला.

आणि पैसा थांबला की काय होते, तेही त्यांच्याच चरित्रात आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात नोकरी करून त्यांनी पैसे साठविले, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने उसने दिले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध १९२३ साली पूर्ण झाला. रुपयाची किंमत घसरली की मजुरी करून खाणाऱ्याच्या ताटातली भाकरी लहान होते, हे चलनाच्या किचकट चर्चेत ज्याला दिसत होते, तो माणूस हे संशोधन करीत होता. त्यांचे मार्गदर्शक प्रा. कॅनन यांना त्यातली काही मते पटलेली नव्हती. तसे त्यांनी प्रस्तावनेत लिहिले, पण प्रबंधाची योग्यता मान्य केली. पुढे चलनविषयक शाही आयोग, म्हणजे हिल्टन यंग आयोग, हिंदुस्थानात आला तेव्हा डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी त्याच्यापुढे साक्ष दिली.

त्याआधी १९१८ साली लहान शेतजमिनींवर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला होता. जमिनीचे तुकडे जोडले की शेतीचा प्रश्न सुटेल, असे तेव्हाचे विद्वान म्हणत. बाबासाहेबांनी उलट विचारले: जमिनीवर जी जादा माणसे रिकामी आहेत त्यांचे काय? त्यांना उद्योगधंद्यात काम मिळाल्याशिवाय शेती सुधारणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पाहा, विषय तोच, पण प्रश्न बदलला. जो ज्या घरातून येतो त्याला त्या घरातले दुखणे आधी दिसते. म्हणूनच संशोधकांच्या रांगेत आपल्या घरातली माणसे असणे गरजेचे आहे. ही मेहेरबानीची मागणी नाही. त्यावाचून अभ्यास अपुरा राहतो.

मोजले म्हणून मिळाले

अभ्यासाने काय होते, असे विचारणाऱ्यांना महाराष्ट्रातलीच उदाहरणे देता येतील.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी फोर्ड फाउंडेशनने पैसा पुरविला होता. पोटभर जेवायला किमान किती खर्च लागतो, हे त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनी काढले: खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये, शहरात २७० रुपये. त्या हिशेबाने खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसे अर्धपोटी होती. त्यांनी उपाय सांगितला तो गरिबांना काम देण्याचा. महाराष्ट्रात वि. स. पागे यांनी तासगावात तसा प्रयोग आधीच सुरू केला होता. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. आमच्यासारख्या कारकुनांच्या पगारपत्रकात तो कापलेला दिसतो. पुढे २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव सर्वांसमोर होता.

दुसरे उदाहरण तर विदर्भाचे. १९८३ साली सरकारने याच दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली आणि १९८४ साली तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणी अशा बाबतींत राज्याची सरासरी काढायची, कोणता जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचे आणि ती तूट भरायला किती पैसा लागेल ते मांडायचे, अशी तिची रीत. त्या तुटीला अनुशेष हे नाव पडले. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा १,२४६.५४ कोटी, म्हणजे ३९ टक्क्यांहून जास्त. तोवर विदर्भावर अन्याय होतो हे भाषणात होते. त्या दिवसापासून ते आकड्यात आले. आकड्याला उत्तर द्यावे लागते, भाषणाला टाळी दिली की भागते!

पण याच उदाहरणात एक उणीवही आहे. समितीने जिल्हा हे माप धरले. जिल्ह्याची सरासरी काढली की तालुका झाकला जातो, तालुक्याची काढली की गाव झाकले जाते आणि गावाची काढली की गावाच्या टोकाची वस्ती झाकली जाते. गावात नळयोजना झाली असे कागदावर लागते. नळ वस्तीपर्यंत आला का, हे वेगळे विचारल्याशिवाय कळत नाही. ते विचारण्यासाठी वेगळा अभ्यास लागतो, आणि वेगळ्या अभ्यासाला वेगळे अनुदान.

आपल्या वर्धा जिल्ह्यात कोण मोजले गेले?

शेतकरी आत्महत्यांनी विदर्भ हादरला, तेव्हा मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मार्च २००५ मध्ये उच्च न्यायालयाला या विषयावर अहवाल दिला. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा राज्य सरकारसाठी केलेला अभ्यास जानेवारी २००६ मध्ये आला. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आपला वर्धा त्या सहांत होता. कर्जावरील व्याज, सिंचन, बियाणे असे त्याचे मोठे भाग होते.

हे व्हायला हवेच होते. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, जो दुसऱ्याच्या वावरात पऱ्हाटी वेचतो, निंदण करतो, सालगडी म्हणून राबतो, त्याला बँकेचे कर्जच मिळत नाही. मग व्याजमाफीतून त्याच्या हाती काय पडणार? आत्महत्याग्रस्त कुटुंबाला सरकारी मदत द्यायची तर कुटुंबाच्या नावावर शेतजमीन आहे का, हे पाहिले जाते. शेतमजुराने जीव दिला तर तो या हिशेबात बसत नाही. देशाच्या गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात शेतकरी आणि शेतमजूर यांच्या आत्महत्या वेगवेगळ्या दाखविण्याची पद्धतच मुळी २०१४ च्या आकड्यांपासून सुरू झाली. तोवर शेतमजुराचे मरण स्वतंत्र आकडा म्हणून नव्हतेच. आपल्या समाजातली किती घरे भूमिहीन आहेत, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

आष्टीचे नाव १९४२ च्या लढ्यामुळे इतिहासात आहे. पण १९४२ नंतरच्या आष्टीचा अभ्यास कुणी करायचा? हा तालुका संत्र्यांच्या पट्ट्यातला. संत्रा तोडणीला कोण जाते, बाईला मजुरी किती मिळते आणि माणसाला किती, हंगाम संपला की ती घरे कुठे जातात? वर्धा नदीवर पलीकडे मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण झाले. त्याचे पाणी नदीच्या आपल्या अंगालाही पसरले. जमीन गेली त्यांच्या मोबदल्याची भांडणे दशके उलटली तरी संपली नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये या धरणाच्या प्रकल्पग्रस्तांनी मुंबईत मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या, ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ज्यांची जमीन गेली त्यांची निदान कागदोपत्री नोंद आहे. त्या जमिनीवर मजुरीने राबणाऱ्यांचे काम गेले, त्यांची नोंद कुठल्या रजिस्टरात आहे? हे सारे धोरणाचे प्रश्न आहेत आणि सारे आपल्या दाराशी आहेत.

आणखी एक प्रश्न आपल्या नावाचा. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळू लागल्या. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते. त्यातले ६५ लाखांहून जास्त एकट्या महाराष्ट्रात. पण पाहणीच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले आणि जातीचा रकाना कोरा राहिला, तर ते घर अनुसूचित जातींच्या हिशेबातून निसटू शकते. असे किती घरांचे होते? पुढच्या जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आहे. अशा वेळी हा अभ्यास कुणीतरी हाती घेणे फार निकडीचे आहे.

नदीपलीकडचा एक मुलगा

आपल्यातला माणूस संशोधनाच्या खुर्चीवर बसला की काय होते, त्याचे उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. त्या जिल्ह्यातल्या महिमापूर गावी १९४९ साली डॉ. सुखदेव थोरात यांचा जन्म झाला. बाबासाहेबांनी उभारलेल्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात ते शिकले, पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. २००६ ते २०११ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि नंतर ज्या सामाजिक विज्ञान परिषदेबद्दल वर सांगितले तिचेही अध्यक्ष झाले.

त्यांनी आणि अमेरिकेतील पॉल अ‍ॅटवेल यांनी केलेला एक अभ्यास प्रत्येक बेकार पदवीधराने जाणून घ्यावा असा आहे. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती त्यांनी पाहिल्या. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा. फरक फक्त नावाचा. काही अर्जांवर सवर्ण हिंदू आडनाव, काहींवर दलित, काहींवर मुस्लिम नाव. मग कुणाला बोलावणे येते ते मोजले. सवर्ण नावाची संधी एक धरली, तर दलित नावाची सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाची सुमारे एक-तृतीयांश निघाली. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आडनाव पाहून अर्ज बाजूला पडतो, हे आपल्या पोरांना आधीच ठाऊक होते. पण पोराने सांगितले की लोक म्हणतात, तुझीच लायकी कमी असेल. ४,८०८ अर्जांना असे म्हणता येत नाही. खाजगी क्षेत्रात आरक्षणाचा कायदा यामुळे झाला नाही, हे खरे आहे. पण भेदभाव होतच नाही, असे तोंड वर करून म्हणायची सोय उरली नाही. शंभर मोर्चांतून ओरडून सांगितलेली गोष्ट एका नीट केलेल्या अभ्यासाने कागदावर आली. मोर्चा सोडा असे आमचे म्हणणे नाही. मोर्चाच्या निवेदनाला आकड्यांचा कागद जोडलेला असावा, असे आहे.

गाडे अडते कुठे?

आम्ही कारकुनी पेशातली माणसे. आमची नजर टेबलावरच्या फाइलकडे जाते. अनुदानाचे गाडे बहुतेक वेळा बुद्धीपाशी अडत नाही, फाइलपाशी अडते.

पहिली अडचण पदाची. असा प्रकल्प बहुधा कायम सेवेतल्या किंवा निवृत्त प्राध्यापकाच्या नावे मंजूर होतो. आणि आपली नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली कितीतरी मुले-मुली तासिका तत्त्वावर शिकवतात. तासाचे पैसे, तेही वेळेवर नाहीत. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. ज्याला पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नाही, तो दोन वर्षांच्या प्रकल्पाचा अर्ज कशाच्या भरवशावर करील? तेव्हा प्राध्यापकभरतीचा प्रश्न हा नोकरीचा आहे, तसाच संशोधनाचाही आहे.

दुसरी अडचण संस्थेची. अर्ज प्राध्यापकाने लिहिला तरी तो संस्थाप्रमुखाच्या सहीशिक्क्याने जातो आणि पैसा संस्थेच्या खात्यात येतो. महाविद्यालयाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याच्या कलम २(फ) व १२(ब) खाली मान्यता असावी लागते. शहरातल्या मोठ्या विद्यापीठात या कामाला वेगळी शाखा असते. तालुक्याच्या महाविद्यालयात एकच लिपिक परीक्षेचे, शिष्यवृत्तीचे आणि पगाराचे काम पाहतो. जाहिरात कधी आली आणि मुदत कधी संपली, हे कळतही नाही.

तिसरी अडचण हिशेबाची. अनुदान एकरकमी मिळत नाही, हप्त्यांनी मिळते. पहिल्या हप्त्याचा खर्च ठरलेल्या बाबींवरच झाला, असे उपयोगिता प्रमाणपत्र सनदी लेखापालाच्या सहीने गेले की दुसरा हप्ता. प्रवासाच्या बाबीतले पैसे छपाईला वापरले की आक्षेप निघतो, आक्षेप निघाला की हप्ता थांबतो आणि संशोधन सहायक म्हणून घेतलेले गरीब घरचे पोर मानधनावाचून बसते. हे टाळता येते. सुरुवातीपासून बाबवार नोंदवही ठेवायची, पावतीवर त्याच दिवशी क्रमांक घालायचा, एवढी साधी शिस्त लागते. आपल्या समाजात हिशेब जाणणारी कॉमर्सची मुले आता पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्या प्राध्यापकांना एवढा हात दिला तरी मोठे काम होईल.

चौथी अडचण भाषेची. अर्ज इंग्रजीत, अहवालही बहुधा इंग्रजीत. ज्या बाईने आपल्या घरातले दुःख सांगितले तिला तो वाचता येत नाही. मराठीतला चार पानांचा सारांश गावात आणून वाचून दाखविणे ही संशोधकाची जबाबदारी मानली गेली पाहिजे.

या साऱ्याच्या आधीची पायरी अधिछात्रवृत्तीची. संशोधक घडतो तो तिथे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००५-०६ पासून सुरू झाली. राज्यात पुण्याची बार्टी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, तशी मदत देते. पण २०२३ साली याच अधिछात्रवृत्तीसाठी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर दीर्घकाळ धरणे धरून बसावे लागले. ग्रंथालयात बसायचे दिवस मैदानावर गेले. त्या मुलांची मागणी ती त्यांच्या पोटाची आहे, असे समजू नका. उद्या आपल्या वस्तीचे प्रश्न मांडणारा अर्ज कुणी लिहायचा, हे त्या मैदानावर ठरत होते.

आपण काय करू शकतो?

हे वाचून एखादी माउली म्हणेल, बापू, आम्ही मजुरी करणारी माणसे, आमचा यात काय संबंध? संबंध आहे, आणि करण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिले, दारात पाहणीला माणूस आला की त्याला आदराने बसवा, पण चार प्रश्न तुम्हीही विचारा. तुम्ही कोणत्या संस्थेचे? या कामाला पैसा कुणी दिला? आमची नावे गुप्त राहतील ना? आणि अहवाल झाला की त्याची प्रत आमच्या ग्रामपंचायतीला किंवा विहाराला देणार का? उत्तर द्यायचे की नाही, हा आपला अधिकार आहे. चांगला संशोधक हे स्वतःहूनच सांगतो. या प्रश्नांचा त्याला राग येणार नाही.

दुसरे, सरकारी पैशातून झालेल्या अभ्यासाचा अहवाल मागता येतो. माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आहे. आपल्या तालुक्यावर कोणते अभ्यास झाले, कुणी केले, त्यात काय निघाले, याची मागणी एका अर्जाने होते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. पोस्टाचा खर्च सोडला तर काही लागत नाही.

तिसरे, आपले प्रश्न लिहून ठेवा. विहारात पौर्णिमेला माणसे जमतात. त्यात अर्धा तास यासाठी काढता येईल. घरकुल मंजूर होऊन किती हप्ते अडले, शिष्यवृत्ती किती महिन्यांनी आली, मजुरीचा दर बाईला काय आणि माणसाला काय, दवाखान्यात जायला किती पैसे मोडले, हे एका वहीत तारखेनिशी नोंदवा. प्राध्यापकाला अनुदानाच्या अर्जात प्रश्नाचे महत्त्व पटवून द्यावे लागते. अशी वही त्याच्या हाती दिली तर त्याचा अर्ज हवेत राहणार नाही. आपल्या महाविद्यालयातल्या, नागपूर विद्यापीठाच्या आंबेडकर विचारधारा विभागातल्या शिक्षकांना बोलवा, ती वही दाखवा.

चौथे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, घरातल्या मुला-मुलींना सामाजिक शास्त्रांकडे जाऊ द्या. सायन्सला नंबर लागला नाही म्हणून आर्टस्, असे आपल्याकडे झाले आहे. अर्थशास्त्र हा बाबासाहेबांचा विषय! पोरीने एम.ए. अर्थशास्त्र केले की लगेच स्थळ पाहायची घाई करू नका. ती सेट-नेटला बसू म्हणते तर बसू द्या. लग्न झालेली सून पीएच.डी. करते म्हणाली, तर सासूबाईंनी चार महिने चूल सांभाळली म्हणून काही बिघडत नाही. बायांच्या मजुरीचा, बाळंतपणाचा, पाण्याच्या हंड्याचा प्रश्न जो तिला दिसेल तो दुसऱ्याला दिसणार नाही.

पाचवे, आपले आमदार, खासदार आणि बार्टी यांच्याकडे निवेदने देताना सभागृह आणि पुतळे यांच्याबरोबर एक मागणी वाढवा: तालुक्याच्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांसकट, लहान संशोधन अनुदान असावे, आणि त्या अभ्यासाचा मराठी सारांश गावात वाचून दाखविण्याची अट त्यात असावी. रक्कम फार मोठी लागत नाही. दोन मुले सहा महिने पंचवीस गावांत फिरली तरी शेतमजुरांच्या घरांचे चित्र उभे राहील.

बांधव-भगिनींनो, ज्या समाजाला शतकानुशतके लिहू दिले नाही, त्या समाजाबद्दल दुसऱ्यांनी पुष्कळ लिहिले. आता आपली मुले लिहितात, वाचतात, पदव्या घेतात. ती इतरांनी काढलेल्या फॉर्ममध्ये उत्तरे भरण्यापुरती राहू नयेत. फॉर्मवर कोणता प्रश्न छापायचा, हे ठरविणाऱ्यांत ती असली पाहिजेत. त्याची सुरुवात एका अर्जाने होते. पुढच्या वेळी संशोधन अनुदानाची जाहिरात निघेल, तेव्हा आष्टी तालुक्यातून निदान एक अर्ज गेला पाहिजे, आणि त्यात शेतमजुराच्या घराचा प्रश्न असला पाहिजे.